कुऱ्हाडीचा दांडा



गेल्या रमजानमधली गोष्ट. जुम्म्याच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ आला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सहा वर्षे लेथवर राबलेला. हातात हुनर होते, घरी म्हातारे आईवडील होते. त्याने विचारले, ‘‘मौलाना, एक जुनी लेथ विकायला आली आहे. व्याजाने पैसे उचलू का?’’ मी तत्काळ उत्तरलो, ‘‘व्याज हराम आहे, बेटा.’’ तो मान खाली घालून निघून गेला.

माझे उत्तर खरे होते, परंतु ते अर्धे होते. दार बंद करून मी मोकळा झालो; दुसरे दार कोठे आहे, हे मी त्याला दाखविले नाही.

इमाम अबू दाऊद (रह.) यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यासाठी आले. प्रेषितांनी (स.) प्रथम विचारले ते हे की, घरात काय आहे? अंगावर घ्यायचे व अंथरायचे एकच जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढाच त्यांचा संसार होता. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू मागवून घेतल्या आणि सहाबांमध्ये बोली लावली. कोणी एक दिरहम देऊ केला, तेव्हा अधिक कोण देतो असे पुन्हा विचारले, आणि दोन दिरहमांना त्या विकल्या. एका दिरहमाचे धान्य घरी पोचवायला सांगितले, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणविले. मग स्वतःच्या पवित्र हातांनी त्या पात्याला दांडा बसविला, लाकडे तोडून विकण्यास सांगितले आणि पंधरा दिवसांनंतरच भेटायला बजावले. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्यापाशी दहा दिरहम होते.

थोडे थांबून या प्रसंगाचा विचार करा. प्रेषितांनी (स.) याचकाला रिकाम्या हाताने परत धाडले नाही, आणि त्याला कायमचा याचकही ठेवले नाही. त्या दिवसाची भूक आधी भागविली, मग अवजार दिले, मग मुदत दिली. दांडा मात्र स्वतः बसविला. आपल्या मदतीत नेमका हा दांडाच राहून जातो.

आपल्या कोल्हापूरच्या मातीला ही रीत परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1906 साली, येथे शाहू मिलची पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मुस्लिम बोर्डिंगचे कार्यही सुरू झाले. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांना अस्पृश्यतेपायी मारहाण सोसावी लागली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. एवढ्यावर न थांबता तेथे जाऊन ते स्वतः चहा प्याले आणि सोबतच्यांनाही पाजला. भांडवल देणारे पुष्कळ भेटतात. पहिले गिऱ्हाईक होणारा विरळा.

आता आपल्या मोहल्ल्याकडे वळू. जकातीची रक्कम आपण शंभर-दोनशेच्या नोटांत वाटतो आणि पुढच्या रमजानमध्ये तेच चेहरे पुन्हा रांगेत पाहतो. हनफी फिकहनुसार जकातीत हकदाराला मालक करणे आवश्यक आहे. म्हणून जो निसाबचा धनी नाही, अशा होतकरू कारागिराला शिलाई मशीन, वेल्डिंगचा संच किंवा चपलेच्या कामाची हत्यारे मालकी हक्काने देता येतात. जकात उसनी देता येत नाही. परंतु ऐच्छिक देणग्यांतून बिनव्याजी कर्जाचा, म्हणजे कर्जे हसनाचा, निधी प्रत्येक जमात उभारू शकते. त्याचा व्यवहार लेखी असावा, साक्षीदार असावेत आणि अडचणीतल्या ऋणकोला सवलत असावी. सूरह बकरहमध्ये या तिन्ही गोष्टींची शिकवण आहे.

सरकारी योजनांबाबतही माहिती करून घ्या. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, शिंपी, गवंडी, चर्मकार अशा 18 पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. तिच्यातील कर्जावर व्याज आहे, तेव्हा त्यापासून दूर राहावे. परंतु प्रशिक्षण, त्या काळातला दररोजचा 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठीचे 15,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य हे कर्ज नव्हे. मशिदीत अर्ज भरून देणारा एखादा सुशिक्षित तरुण बसला, तर तेही दांडा बसविणेच होय.

आणि ज्यांची स्वतःची वर्कशॉप आहेत, त्या उस्तादांना एक विनंती. ‘काम शिकतोय’ म्हणून पोराला वर्षानुवर्षे चहापाण्यावर राबवू नका. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) ताकीद शिकाऊ मुलालाही लागू आहे.

तो तरुण नंतर मला मशिदीत दिसला नाही. त्याने काय केले असेल, या विचाराने मी बेचैन होतो. त्याने व्याजाने पैसे उचलले असतील, तर त्या गुन्ह्याची जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकून मी अल्लाहपुढे मोकळा होईन काय? यंदा रमजानपूर्वी आमच्या जमातीत कर्जे हसनाची पेटी ठेवायची आणि पहिली विचारपूस त्याच्याच घरी करायची, असे मी ठरविले आहे.

हे अल्लाह, आमच्या तरुणांच्या हातांना हलाल कमाईची बरकत दे, आणि आमच्या हातांना दांडा बसविण्याची तौफीक दे. आमीन.