तीन विषय आणि एकच शरीर

इंग्लंडमध्ये जीसीएसई संपली की सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मचे विषय निवडावे लागतात. आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडली तरी दोन भाषा आणि आणखी चार विषय सोबत राहतात. इथे बहुतेक मुलं तीनच विषय ठेवतात, बाकीचे तिथेच सुटतात. शिक्षण सोडून देण्याचीही सोय नाही, कारण २०१५ पासून अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं बंधनकारक आहे.

माझ्या भाचीने तीन विषय लिहिले. ए-लेव्हलला नृत्य आणि फिजिकल एज्युकेशन, म्हणजे पीई. तिसरा बीटेकचा हेल्थ अँड सोशल केअर. हे बीटेक आपलं इंजिनिअरिंगचं नव्हे, इथली व्यावसायिक पात्रता. मी इथल्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून ताई म्हणाली, "तूच बोल तिच्याशी." आमचं बोलणं इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही.

मामा : तिन्ही विषय चांगले आहेत. माझा आक्षेप तिन्ही एकत्र घेण्याला आहे. नृत्य ठेव, पीई ठेव, पण तिसरी बायोलॉजी घे. वाटा मोकळ्या राहतील.

भाची : कुठल्या वाटा? नावं सांग.

मामा : मेडिसिनला सहसा केमिस्ट्री लागते, ते सोडून देऊ. पण बायोमेडिकल सायन्स आहे.

भाची : आणि तुझी फिजिओथेरपी?

मामा : बऱ्याच विद्यापीठांना बायोलॉजी किंवा पीई, दोन्हींपैकी एक चालतं. काहींना बायोलॉजीच हवी असते.

भाची : म्हणजे ती वाट मोकळी आहे, थोडी अरुंद झाली एवढंच. नर्सिंग, ऑक्युपेशनल थेरपी, पॅरामेडिक, याही आहेत. बंद होतात त्या वाटांनी मला जायचंच नाही.

मामा : आज जायचं नाही. अठराव्या वर्षी जावंसं वाटलं तर?

भाची : वाटू शकतं. मग प्रश्न असा, की नंतर परत काय मिळवता येतं? बायोलॉजी तिशीत शिकता येते. इथे मोठ्या माणसांसाठी ॲक्सेस टू हायर एज्युकेशनचा डिप्लोमा आहे. तो करून चाळिशीतल्या बायका नर्सिंगला जातात. तिशीत पहिल्यांदा पाय उचलणाऱ्याला नर्तक करणारा असा डिप्लोमा आहे का? शरीराचं तू मला सांगायला हवंस. वाटा मोकळ्या ठेवायच्या असतील, तर जी वाट वयाने बंद होते ती आधी धरायला हवी. तुझाच नियम आहे हा, मी फक्त शेवटपर्यंत नेला.

मामा : तर्क बिनचूक आहे, पण तो कागदावरचा आहे. तिशीत घरभाडं असतं, मूल असतं, रात्रपाळी असते. "शिकता येतं" आणि "लोक शिकतात" यांत फार अंतर असतं. ज्या बायका चाळिशीत नर्स झाल्या त्या दिसतात. ज्यांना जमलं नाही त्या कुठेच दिसत नाहीत.

भाची : ते खरं आहे. पण बायोलॉजीचं अंतर मोठं आहे, नृत्याचं तर ओलांडताच येत नाही. तुलना या दोघांत कर ना.

मामा : मग शरीराचंच बोलू. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेली तुझ्या वयाची मुलं-मुली मी कायम बघतो. एका उडीत सगळं थांबतं. तू तीन घरटी एकाच फांदीवर बांधते आहेस.

भाची : सिलॅबस बघून बोलतोस की नावं बघून?

मामा : बघून बोलतो आहे.

भाची : मग तुला माहीत आहे की ए-लेव्हल पीईचे ७० टक्के गुण लेखी परीक्षेचे असतात. शरीररचना, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स, मानसशास्त्र, खेळाचा समाजाशी संबंध. उरलेल्या ३० टक्क्यांतही खेळाडू म्हणून उतरलं नाही तर प्रशिक्षक म्हणून उतरता येतं. नृत्याचेही निम्मे गुण लेखी आहेत. ख्रिस्तोफर ब्रूसच्या १९९१ च्या 'रूस्टर' या नृत्यरचनेवर लिहावं लागतं. रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांवर पुरुष कोंबड्यासारखे मिरवतात आणि बायका त्यांच्याकडे कशा बघतात, हे कुठल्या हालचालीतून दिसतं, ते शब्दांत मांडायचं. आणि केअरच्या वर्गात माझा गुडघा कोणी विचारत नाही. शरीर असणं वेगळं, शरीराचं ज्ञान असणं वेगळं. गुडघा गेला तर पहिलं जाईल, दुसरं राहील.

मामा : इथे मी तुझ्या बाजूला येतो. ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राईलने १९४९ मध्ये 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' लिहिलं. एखादी गोष्ट करता येणं हे तिच्याबद्दलची विधानं माहीत असण्याचं दुय्यम रूप नाही, असं त्याने मांडलं. आधी डोक्यात नियम येतो आणि मग शरीर तो पाळतं, हे चित्रच त्याला चुकीचं वाटत होतं. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवल्यावर माझ्या बोटांना जे कळतं, ते आधी वाक्यात येत नाही.

भाची : तरी मला बायोलॉजी घ्यायला सांगतोस.

मामा : कारण प्रवेशाचा अर्ज राईल वाचत नाही. रसेल ग्रुपच्या विद्यापीठांनी २०११ मध्ये काही विषयांची यादी काढली होती. गणित, इंग्रजी साहित्य, विज्ञान, इतिहास, भूगोल, भाषा. हे विषय घेतले तर जास्त अभ्यासक्रम खुले राहतात, असा सल्ला होता. नृत्य, पीई, केअर, काहीच त्यात नव्हतं. २०१९ मध्ये ती यादी मागे घेतली. यादी गेली, नजर राहिली.

भाची : विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकॅसच्या हिशोबात ए-लेव्हलच्या ए ग्रेडला ४८ पॉइंट आहेत. ए-लेव्हलएवढ्याच आकाराच्या बीटेकमधल्या डिस्टिंक्शनलाही ४८ आहेत.

मामा : पॉइंट सारखे आहेत, मान सारखा नाही.

भाची : मान कोण देतं? गणेशोत्सवात मी स्टेजवर नाचले की तुम्ही सगळे व्हिडिओ काढता. मार्कशीटवर तेच नृत्य आलं की आईचा चेहरा उतरतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात दर गुरुवारी रात्री आठ वाजता आपण दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. केअरर्ससाठी. मग त्यांचा विषय घरातल्या मुलीने घेऊ नये, हे कसं?

मामा : टाळ्यांना खर्च येत नाही. केअरचं काम करणाऱ्यांचा पगार किमान वेतनाच्या आसपास घुटमळतो. समाजाने ज्या कामाची किंमत ठरवायला नकार दिला, त्याची भरपाई तू तुझ्या आयुष्यातून करावी असं मला वाटत नाही.

भाची : म्हणजे विषय हलका नाही, पगार हलका आहे.

मामा : हो.

भाची : मग पगार वाढवा. विषयाला कशाला नाव ठेवता?

मामा : पगार मी वाढवू शकत नाही. तुला सावध करू शकतो.

भाची : प्रत्येक मामा असाच सावध करतो, आणि म्हणूनच पगार वाढत नाही. ज्यांच्या घरात सल्ला देणारं कोणी आहे, ती मुलं या कामापासून दूर जातात. मग देश बाहेरून माणसं आणतो. २०२२ मध्ये केअर वर्कर्ससाठी व्हिसा उघडला, जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंद केली. गरज असेल तेव्हा आत, नसेल तेव्हा बाहेर. ज्या कामात सल्ला मिळणाऱ्यांची मुलं नसतात, त्या कामासाठी कोण भांडणार?

मामा : तुझं म्हणणं समाजासाठी बरोबर आहे. पण मी समाजाचा मामा नाही, तुझा आहे.

भाची : आणि मी तुझ्या भाचीखेरीज आणखीही कोणी आहे.

मामा : केअरची एवढी ओढ असेल तर हेल्थचा टी लेव्हल का नाही? त्यात किमान ४५ दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जावं लागतं.

भाची : तो एकटाच तीन ए-लेव्हलएवढा आहे. नृत्य जाईल. बीटेकचा छोटा कोर्स एका विषयाच्या जागेत बसतो, म्हणून तो घेतला. मला एकातून दुसरं वजा करायचं नाही.

मामा : माझ्या पेशाचा इतिहास ऐक. १८९४ मध्ये लंडनमध्ये मालिशच्या धंद्याची फार बदनामी झाली होती. त्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो, अशी ओरड होती. तेव्हा चार नर्सनी मिळून प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था काढली, परीक्षा सुरू केल्या, शरीररचनेचा अभ्यास सक्तीचा केला. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी तीच. मान असा मिळाला. म्हणून म्हणतो, शास्त्राचा आधार घे.

भाची : मला यात उलटं दिसतं. बदनाम काम त्या चौघींनी सोडलं नाही. त्या आत राहिल्या आणि त्याची पातळी उंचावली. त्यांना कोणी सांगितलं असतं की हे सोडा, जिथे मान आहे तिथे जा, तर आज तू काय झाला असतास?

मामा : आत राहून त्यांनी शास्त्रच आणलं ना?

भाची : हो, आणि मीही तेच शिकायला जाते आहे. पीईमध्ये.

इथे मी विषय बदलला. पगाराचा मुद्दा सुटला नव्हता, आणि आमच्या दोघांच्या बोलण्यातून तो सुटणारही नव्हता.

मामा : पार्किन्सन्सचे काही पेशंट चालता चालता मध्येच थिजतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा लय दिली, मोजून दिलं, की पाऊल पुष्कळदा सुटतं. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिसच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा लोकांसाठी वर्ग सुरू केले. इथे इंग्लिश नॅशनल बॅलेने २००८ मध्ये. तू कथक शिकलीस, लय तुझ्या अंगात आहे. तुझे तिन्ही विषय त्या वर्गात उपयोगाला येतील. आईला सांगायला हे चांगलं आहे.

भाची : आईला तसं सांगू नकोस.

मामा : का?

भाची : नृत्याला तू औषध म्हणून मान देतो आहेस. उद्या एखाद्या अभ्यासातून कळलं की व्यायामाच्या सायकलचाही तेवढाच उपयोग होतो, मग नृत्य गेलं? त्या वर्गात येणारी माणसंही बरं व्हायला येत नसतील. त्यांना नाचायचं असेल. दिवसभर पेशंट असतात ती, तासभर नर्तक असतात.

मामा : पण फक्त नाचायचं आहे म्हणून दोन वर्षं द्यायची?

भाची : इतिहास शिकणाऱ्या मुलाला तू हे विचारतोस का? रोहिणी भाटेंबद्दल तूच सांगितलंस. १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती काढली, 'लहजा' लिहिलं, इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं. त्यांनी नाचायचं म्हणून आयुष्य दिलं, आणि त्यातून विचारही आला, लेखनही आलं. उपयोग मागून येतो. त्याला पुढे चालवलं तर तोही येत नाही.

मामा : रोहिणीताई एकच झाल्या. त्या काळात नृत्य शिकलेल्या बाकीच्या मुलींचं काय झालं, ते तुझ्या यादीत नाही.

भाची : तुझ्या यादीत बायोलॉजी घेऊन नापास झालेली मुलंही नाहीत.

बोलणं इथे थांबलं, सुटलं नाही. माझं मत असं. नृत्य, शुश्रूषा आणि खेळ या तिन्हींत शरीराचं ज्ञान आहे, आणि ते ज्ञान इतर कुठल्याही ज्ञानाइतकंच कठीण आहे. जे वयाबरोबर हातून जातं ते आधी करावं, हा तिचा मुद्दा मला पटला. त्याची किंमत आहे, काही अभ्यासक्रम खरोखर बंद होतात, हेही मी तिला पुन्हा सांगितलं, आणि ते तिने आधीच मोजलेलं होतं. केअरच्या पगाराबद्दल मात्र आमचं एकमत नाही. कमी पगाराच्या कामापासून आपल्या माणसाला वाचवणं हा स्वार्थ आहे की माया, हे मला अजून ठरवता येत नाही.

तिचे तिन्ही विषय तसेच राहिले आणि अर्ज गेला. ताईची नाराजी आहे, ती कदाचित राहील.

इंग्लंडमधल्या मराठी आईवडिलांना माझी एकच विनंती आहे. मुलीने असे विषय लिहिले तर आधी त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण वाचा. तिला ज्या पदव्या कराव्याशा वाटतात, त्यांच्या प्रवेशाच्या अटी विद्यापीठाकडूनच तपासून घ्या. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण तिच्यापेक्षा कमी वाचून नाही म्हणू नका.