उपकाराचे ऋण मताने फेडावे काय?

नीरा नदीच्या काठी, बारामती तालुक्यात, सांगवी हे गाव आहे. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर या तालुक्यांतील एका पट्ट्यात ऊस पिकविला. परंतु कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथील जिरायती गावे आजही पावसाकडे डोळे लावून बसतात. अशा मुलखात लोकांच्या अडीनडीस धावून जाणारा मनुष्य सर्वांच्या ओळखीचा होतो. तो रात्री-अपरात्री आजाऱ्यास दवाखान्यात नेतो, विधवेचा निराधार अनुदानाचा अर्ज लिहून देतो, पाण्याच्या टँकरसाठी तहसील कचेरीत खेटे घालतो. पुढे एके दिवशी तोच मनुष्य विधानसभेच्या निवडणुकीस उभा राहतो व हात जोडून दारी येतो.

तेव्हा एखादी माता आपल्या पाळकास विचारते, "पाळकसाहेब, ज्यानं माझ्या लेकराचा जीव वाचवला, त्याला मत दिलं नाही तर मी कृतघ्न नाही का ठरणार?" प्रिय वाचकहो, हा प्रश्न हसून टाळण्याजोगा नाही. उपकार विसरणे हे पाप आहे, असे आपण आपल्या मुलांस शिकवितो. मग उपकाराची फेड मताने करावी की नाही, याचे उत्तर आपणांस दिलेच पाहिजे.

बारामतीच्याच इतिहासातील एक गोष्ट येथे आठवते. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या भागात अवर्षण पडले असता, चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल ॲक्शन, म्हणजे 'कासा', या ख्रिस्ती मंडळ्यांच्या संस्थेकडून धान्य व तेल आले. ते भीक म्हणून वाटले गेले नाही. लोकांनी पाझर तलाव खोदले व त्या श्रमाबद्दल ते त्यांस मिळाले. या कामात तरुण शरद पवार पुढे होते. तेच १९६७ साली बारामतीतून प्रथम विधानसभेवर निवडून गेले. अशा कामातूनच पुढे १९७१ साली तेथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. आता विचार करा. त्या तलावावर पाटी उचलणाऱ्या मजुराचे मत कोणाचे ऋणी होते? धान्य पाठविणाऱ्या दूरच्या मंडळ्यांचे? ते आणण्यासाठी खटपट करणाऱ्यांचे? आमच्या मते, कोणाचेच नाही. आभार सर्वांचे, मत मात्र त्याचे स्वतःचे.

हे आम्ही इतक्या निश्चयाने म्हणतो, कारण आपल्या वाडवडिलांनी याच बाबतीत एक टोमणा सोसला आहे. १८७६ ते १८७८ चा व १८९६ नंतरचा, या मोठ्या दुष्काळांत मिशनने अन्न दिले, आणि लोक म्हणाले, "यांनी ज्वारीच्या पायलीसाठी धर्म सोडला." तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लो नावाचे मिशनरी होते. त्यांनी दुष्काळात कालव्याच्या खोदाईचे काम पत्करून हजारो भुकेल्यांस मजुरी मिळवून दिली. परंतु ते साहाय्य चालू होते तोवर बाप्तिस्मे थांबवून ठेवले. पोटात भूक असताना दिलेला होकार हा मनाचा होकार आहे की नाही, हे कळत नाही, म्हणून त्यांनी तसे केले. जो नियम बाप्तिस्म्यास लागू, तोच मतास लागू नये काय? अन्नाने विकत घेतलेली श्रद्धा ही श्रद्धा नव्हे, असे आपण म्हणत असू, तर उपकाराने विकत घेतलेले मत हेही मत नव्हे, असे आपणांस म्हणावे लागेल. भाकरी खाऊन तृप्त झालेला समुदाय आपल्या प्रभूस बळेच राजा करू पाहत होता, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला, हेही आपण विसरू नये.

मग समाजसेवकाने निवडणुकीस उभेच राहू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. एकट्या माणसाची दया जेथे थकते, तेथे कायदा लागतो. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे, मागेल त्यास काम द्यावे, असा प्रयोग करविला. ते विधान परिषदेचे सभापती होते. त्या कल्पनेतून १९७७ साली महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला. तलावावरचे काम जोवर कोणाच्या कृपेने मिळत होते, तोवर मजुरास मान लववावी लागे. कायद्याने तेच काम त्याचा हक्क झाले. त्याचप्रमाणे विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांस सोडविले, ते १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याचा आधार घेऊन. पंडित स्वतः २००९ साली वसईतून अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले व २०१४ साली पराभूत झाले. समाजसेवकाने विधानसभेत जावे ते याच कामासाठी, की जे आज त्याच्या उपकाराने मिळते, ते उद्या कोणाच्याही उपकाराविना मिळावे.

आणि लोकांनी मत दिले नाही तर? मणिपूरच्या इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दलांच्या विशेषाधिकाराचा कायदा रद्द व्हावा म्हणून २००० ते २०१६ अशी सोळा वर्षे उपोषण केले. २०१७ साली त्या थौबल मतदारसंघातून उभ्या राहिल्या. त्यांस अवघी ९० मते पडली. हे वाचून आमचेही मन कळवळले. तथापि त्या सोळा वर्षांचे मोल मतपेटीने ठरत नाही. ज्याची सेवा मतांच्या आशेवर उभी असते, त्याची सेवा निकालाच्या दिवशी संपते. ज्याची तशी नसते, तो दुसऱ्या दिवशीही आजाऱ्यास दवाखान्यात नेतो. मतदारांनी ही परीक्षा अवश्य पाहावी.

आता आपल्या उपदेशकांस व पाळकांस दोन शब्द. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतासाठी देणगी देणे ही लाच आहे, आणि देवाच्या कोपाची भीती घालून मत वळविणे हाही गुन्ह्यासारखाच भ्रष्ट आचार आहे. म्हणून उपासनेत उमेदवाराचे नाव घेऊ नये. पोथीपुढे हात ठेवून शपथ घ्यावयास कोणी सांगितले, तर तशी शपथ घेऊ नये, हे मात्र मंडळीस स्पष्ट सांगावे.

त्या मातेस आम्ही असे सांगू: बाई, ज्याने तुमचे लेकरू वाचविले, त्याचे आभार माना. तो दारी आला तर त्यास भाकरी वाढा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याने केलेली सेवा ही त्याच्या स्वभावाची साक्ष आहे. ती साक्ष अवश्य ध्यानात घ्या. पण मत देताना आपल्या लेकरापुरते पाहू नका. ज्या वस्तीवर त्याची गाडी कधी गेली नाही, तेथील लेकरासाठी हा मनुष्य विधानसभेत काय करील, हे त्यास विचारा, व दुसऱ्या उमेदवारांसही विचारा. मग देवास स्मरून, कोणास न भिता, मत द्या. ते त्यास दिले तरी तुम्ही त्याच्या बांधील नाही. न दिले तरी तुम्ही कृतघ्न नाही.