तण कोणास म्हणावे?

भाद्रपद महिन्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वावरांच्या धुऱ्यांवर कुर्डूचे तुरे डोलू लागतात. शेंड्याकडे ते गुलाबी असतात व खालून पिकत येतात तसतसे रुपेरी दिसतात. हे रोप कोणी पेरीत नाही की त्यास कोणी पाणी घालीत नाही. कोरड्या, मुरमाड जागेतही ते पावसाबरोबर उगवते, फुलते, बी टाकते आणि वर्षाच्या आत वाळून जाते. कपाशीच्या तासात दिसताच आपण त्यास तण म्हणून उपटतो. तर मग जे आपण पेरले नाही, त्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय?

कित्येक म्हणतील, जे निरुपयोगी त्याविषयी कर्तव्य कसले? परंतु कुर्डू निरुपयोगी नाही. तो राजगिरा व माठ ह्यांच्याच कुळातला असून त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी पावसाळ्यात गरिबांच्या ताटात येते. शिवाय, अंगणात हौसेने लावलेला तांबडा कोंबडा हा ह्याचाच भाऊ. लिनीअस नामक वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली ह्या दोघांस निरनिराळ्या जाती मानून दोन नावे दिली. पुढील शास्त्रज्ञांनी मात्र दोघांची जात एकच ठरविली. एकास आपण कुंपण घालून जपतो व दुसऱ्यावर विळा चालवितो. पिकते तेथे विकत नाही, हेच खरे.

ह्यावरून पिकातील कुर्डू राखावा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. एका रोपापासून हजारो बारीक काळे बी पडते, आणि दाट माजलेला कुर्डू पिकाचे पाणी व खत खाऊन टाकतो. ज्याच्या घरी लेकरे आहेत व डोक्यावर कर्ज आहे, त्याने बी धरण्यापूर्वी तो निंदून काढावा. त्यात अन्याय नाही. तेथे तो तण आहे, कारण ती जागा कपाशीची आहे. पण धुरा कपाशीचा नव्हे. तण हा रोपाचा जन्मगुण नसून जागेवरून ठरणारी गोष्ट आहे, हे ज्याने ओळखले तो तासातील रोप उपटील, पण धुऱ्यावरच्या रोपाचा द्वेष करणार नाही.

आज प्रश्न विळ्याचा राहिला नाही. तणनाशकाचा पंप पाठीवर घेतला की तास व धुरा सारखेच जळतात. निंदणाऱ्या बायांची मजुरी जाते, आणि सांजेच्या भाजीसाठी ज्या धुऱ्यावर पाला खुडत त्या धुऱ्यावर विष पडते. २०१७ साली ह्याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. ते औषध निराळे होते, तरी विष हाती घेणाऱ्याने आपल्या बांधापलीकडेही पाहावे, हा धडा त्यातून घेतलाच पाहिजे. सातबारा आपल्या नावाचा असला, तरी दुसऱ्याच्या ताटात विष जाऊ देण्याचा अधिकार त्याने मिळत नाही.

ज्यांस कुर्डू अंगणात लावावयाचा असेल, त्यांनी कार्तिकात वाळलेले तुरे कापून कापडावर झाडावे व बी कोरड्या डब्यात ठेवावे. पहिल्या पावसानंतर उन्हाच्या जागी ते विरळ टाकून वर चिमूटभर माती भुरभुरावी. रोपे चार बोटे झाली की वीत-वीत अंतर राखून बाकीची उपटावी व भाजीस घ्यावी. पाणी साचू देऊ नये, नाहीतर मुळे कुजतात. पावसाने दीर्घ ओढ दिली तरच थोडे घालावे. शेणखत फार घातल्यास पाला माजतो, देठ लवतो आणि तुरे उशिरा येतात. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. ज्याची जशी गरज, तशी त्याची सेवा. आपल्या हातास द्यावेसे वाटते म्हणून दिलेले पुष्कळदा घेणाऱ्यास मारते.

म्हणून वाचकहो, ह्या हंगामी पीक निर्मळ राखा, पण धुऱ्यावर फवारा मारू नका. आपण खुडत नसाल, तर दुसरी कोणी खुडील. चार तुरे बियांसाठी उभे राहू द्या. पुढल्या मृगाला ते आपले आपण उगवतील.