लाल चड्डीचा प्रश्न

चड्डी पाटलोणीच्या आत घालायची की बाहेरून, हा प्रश्न आपल्याकडे साधारणपणे वयाच्या चौथ्या वर्षी निकालात निघतो. आमच्या घरी मात्र तो २०२५ सालच्या जुलै महिन्यात, एका रविवारी, भरल्या पोटी, साडेतीन तास चालला. वादी आमचा भाचा, प्रतिवादी आमचे चिरंजीव, आणि चड्डी सुपरमॅनची.

त्याचं असं झालं, की ११ जुलैला नवा ‘सुपरमॅन’ आला. जेम्स गन यांनी काढलेला. त्यात डेव्हिड कोरेनस्वेट नावाचा उमदा गडी निळ्या पोशाखावर लाल चड्डी घालून उडतो. दोघंही तो बघून आले होते. भाचा म्हणाला, हे ‘रीबूट’ साफ फसलं. मी विचारलं, रीबूट म्हणजे काय रे? भाचा संगणकातला. म्हणाला, “मामा, बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चालू करायचं.” हे मला चटकन कळलं. आमच्या शाखेत आम्ही ते दिवसातून तीनदा करतो. यंत्र पुन्हा चालू होतं, पण समोरची रांग तीच असते आणि यंत्राची चूकही तीच.

वास्तविक मी या भांडणात पडायला नको होतं. पण माझाही एक पक्ष होता, आणि तो सर्वांत जुना. १९७८ साली रिचर्ड डॉनर यांनी काढलेला, ख्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन मी लहानपणी गणपतीत पाहिला. मंडळाने व्हिडिओ भाड्याने आणला होता. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण कुणाचं काही अडलंही नाही. शेवटी लोइस लेन मरते, तेव्हा हा पठ्ठ्या पृथ्वीभोवती गरागरा फिरून काळच मागे नेतो. पुढे बँकेत चिकटल्यावर माझ्या मनात आलं, की त्या दिवसाचं व्याज तिथल्या बँकांनी कसं लावलं असेल? पण तेव्हा मी सहावीत होतो. टाळ्या वाजवून मोकळा झालो.

मला खरा आवडला तो उडणारा नव्हे, चष्मेवाला. क्लार्क केंट. खांदे पडलेले, चष्मा घसरलेला, दारात कुणाला ना कुणाला धडकणारा. रीव्हने चष्मा काढून पाठ ताठ केली की समोर दुसराच माणूस उभा राहायचा. पाठीत एवढी ताकद असते हे मला तेव्हा कळलं. पुढे वीस वर्षं खुर्चीत बसून ती गेली कुठे, हे अजून कळलेलं नाही.

भाच्याचा पक्ष २०१३ चा. झॅक स्नायडर यांचा ‘मॅन ऑफ स्टील’, नायक हेन्री कॅव्हिल. चड्डी नाही, हसू नाही, पोशाखाचा निळा रंगसुद्धा आठ दिवस उन्हात वाळत घातल्यासारखा. “मामा, खरोखरच असा कुणी आभाळातून उतरला, तर लोक आरत्या ओवाळतील का? घाबरतील. खरं आहे ते दाखवायला नको?” म्हणणं चूक नव्हतं. पण त्या चित्रपटाच्या शेवटी सुपरमॅन झॉडची मान मोडतो, आणि तिथे आमच्या चिरंजीवांनी हरकत घेतली.

“समोर एक कुटुंब जळून मरणार होतं! त्याने दुसरं करायचं तरी काय?” भाचा.

“दुसरं काय ते शोधायचं. त्यालाच सापडत नसेल तर आम्हाला कुठून सापडणार?” चिरंजीव.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुलाला बाथरूममधला टॉवेल सापडत नाही, पण नीतिशास्त्रात तो असं काही बोलून जातो. मी मनातल्या मनात त्याचे दोन गुण वाढवले.

मग मीही एक मुद्दा मांडला. १९७८ मध्ये क्लार्कचा बाप हृदयविकाराने जातो. पर्वत उचलणारा पोरगा तिथे हतबल होतो. २०१३ मध्ये बाप वादळात सापडतो, आणि पोराचं गुपित फुटू नये म्हणून ‘येऊ नकोस’ अशी हाताने खूण करतो. पोरगा ऐकतो आणि बघत राहतो. दोन्हीकडे बाप जातोच. पण पहिल्यात शक्ती कमी पडते, दुसऱ्यात भीती जास्त होते. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

“मग जुनंच पुन्हा काढा!” भाचा उखडला. तेही करून झालं होतं. २००६ साली ब्रायन सिंगर यांनी ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये जवळजवळ रीव्हचाच कित्ता गिरवला. अक्षर वळणदार आलं, पण त्याचा पुढचा भाग काही निघाला नाही. म्हणजे बदललं तरी पंचाईत, न बदललं तरी पंचाईत. वाणिज्य शाखेत आम्हाला ‘गुडविल’ शिकवत. धंद्याची इमारत, टेबलं, खुर्च्या सगळं विकलं तरी जे उरतं ते. सुपरमॅनचं सगळं बदललं, तर उरावं काय? त्याचं गुडविल नेमकं कशात आहे?

“चड्डीत,” चिरंजीव म्हणाले.

“अहो, ती आत असो की बाहेर,” स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “धुवायला कोण घेतं ते आधी विचारा.” पाच मिनिटं सभा तहकूब झाली.

मग चिरंजीवांनी हकिगत सांगितली. गन यांनीच ती सांगितली आहे. चड्डी ठेवावी की नाही, यावर त्यांचंही मन ठरत नव्हतं. तेव्हा कोरेनस्वेट त्यांना म्हणाला, की हा परग्रहावरचा माणूस. डोळ्यांतून आग काढतो, इमारती उडवू शकतो. मुलांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटत असेल, तर तो कुस्तीच्या आखाड्यातल्या गड्यासारखा थोडा गमतीदार पोशाखच करील. झालं, चड्डी राहिली.

मी गप्प झालो. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला, त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ मला आठवलं. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन चष्मेवाल्या पोरांनी तो निर्माण केला आणि त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. चित्रात सुपरमॅनने मोटार डोक्यावर उचलली आहे आणि माणसं जीव घेऊन पळताहेत. कोपऱ्यातला एक जण तर डोकं धरून किंचाळतो आहे. ते गुंड होते हे आत वाचल्यावर कळतं. पण पहिल्या दिवशी, पहिल्या चित्रात लोक त्याला भ्यायले, हे भाच्याचं म्हणणं खरंच. फक्त तेव्हाही त्याच्या अंगावर लाल चड्डी होती.

आणि मला एक म्हातारी आठवली.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना. आमच्याकडे पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेण्याचा हंगाम. ही बाई पंचाहत्तरीची. आयुष्यभर भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली. यंत्रावर अंगठा उमटेना. एकदा, दोनदा, पाचदा. मागे रांग, समोर घड्याळात दोनला पाच कमी. मी म्हटलं, “आजी, तुम्ही जिवंत आहात असं यंत्राला वाटत नाही.” मला तो विनोद वाटला होता. रांगेतले दोघं हसलेही. म्हातारी हसली नाही. तिने हात जोडले आणि म्हणाली, “चुकलं साहेब.” आणि निघून गेली.

तिचं काय चुकलं होतं? यंत्र नाही म्हणालं तर कागदी अर्ज चालतो. तो भरून साहेबांची सही घेतली की काम होतं. अर्ज माझ्या उजव्या खणात होता. मी तो काढला नाही, कारण डबा थंड होत होता. नियमाने पाहिलं तर मी काहीच गैर केलं नव्हतं. कुणाची मान मोडली नव्हती. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, नातवाला घेऊन. काउंटरपासून चार हातांवर तिने चपला काढून ठेवल्या. मग मी अर्ज दिला, सगळा स्वतः भरला, सही आणून दिली. पण त्या चपला तिने परत जातानाच घातल्या.

काउंटरच्या या बाजूला बसलेला माणूस काही पर्वत उचलत नाही. त्याची शक्ती खणातल्या एका अर्जाएवढी. पण काचेपलीकडून ती केवढी दिसते, हे त्याला आतून दिसत नाही. शक्ती वाईट कामाला लावू नये, एवढं तर सगळेच सांगतात. ती चांगल्या कामाला लावतानासुद्धा समोरच्याच्या पोटात गोळा येणार नाही, ही जबाबदारीही शक्तिमानाचीच, हे मला त्या चड्डीने शिकवलं. त्यासाठी थोडं हास्यास्पद दिसावं लागलं तर दिसावं. गुडविल म्हणतात ते बहुधा हेच.

रात्री भाचा गेला तो आपलं मत न बदलता. चिरंजीवांनीही आपलं सोडलं नाही. मी मात्र त्या नोव्हेंबरात काउंटरवर एक बरणी आणून ठेवली. लिमलेटच्या गोळ्यांची. ‘अंगठा उमटो न उमटो, गोळी घ्या’ अशी चिठ्ठी वर डकवली. म्हातारी आली, चिठ्ठी नातवाकडून वाचून घेतली, दोन गोळ्या उचलल्या. अंगठा याही वेळी उमटला नाही. मी खण उघडला. चपला तिच्या पायातच होत्या.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हा खर्च कोणत्या खात्यात टाकणार? मी म्हटलं, गुडविल. ते म्हणाले, शाखेच्या खतावणीत असं खातं नाही. तेव्हापासून बरणी मी माझ्या खिशातून भरतो. मी काउंटरवर लाल चड्डी घालून बसण्यापेक्षा हे बरं, असं साहेबांचंही मत पडलं.