कोणता शब्द पाळावा?



पंचशील ग्रहण करताना आपण खोटे बोलणार नाही असे म्हणतो. त्यातूनच एक प्रश्न निघतो, आणि बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात तो दर हंगामाला उभा राहतो. मुकादमाची उचल घेतलेला मजूर मध्येच काम सोडू म्हणतो. त्याला ऐकवले जाते, "बौद्ध झालास ना? मग शब्द पाळ!" तो गप्प होतो. त्याला वाटते, शब्द मोडला तर शील मोडेल.

खरेच तसे आहे काय? दिलेला प्रत्येक शब्द पाळलाच पाहिजे काय?

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. परमपूज्य बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. या विषयाचा पाया म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. तो करारात दोन गोष्टी तपासतो. पहिली मोबदला, म्हणजे शब्दाच्या बदल्यात काय दिले. दुसरी उद्देश, म्हणजे हा व्यवहार कशासाठी केला. कलम २३ प्रमाणे दोन्ही गोष्टी कायदेशीर हव्यात. कायद्याने मना केलेली, कायद्याला हरताळ फासणारी, लबाडीची, दुसऱ्याच्या शरीराला वा मालमत्तेला इजा करणारी, किंवा न्यायालयाला अनीतीची वा लोकहिताविरुद्ध वाटणारी गोष्ट त्यात असेल तर करार रद्दबातल होय. मग त्यावर सही असो, अंगठा असो की स्टँप असो.

कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. एकाने सरकारी नोकरी लावून देण्याचे कबूल केले आणि दुसऱ्याने त्यासाठी हजार रुपये देण्याचे. हा करार रद्द आहे. "पोराला चिकटवतो, एवढे द्या" असे म्हणणारे आजही गावोगाव भेटतात. तेथे दागिने मोडून पैसे भरणाऱ्या आईबापांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता आपला इतिहास पाहा. महार वतनात जमीन मिळे आणि तिच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या चाकरी करावी लागे. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. लोक म्हणत, "जमीन खाता, मग राबायला काय झाले?" म्हणजे मोबदला दाखवून गुलामगिरीला कराराचा मुखवटा चढवला होता. पण जन्माला येणाऱ्या मुलाला त्याची संमती कोणी विचारली होती? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते याच जोखडाविरुद्ध. पुढे १ ऑगस्ट १९५९ पासून ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली.

वतन गेले, पण तोच मुखवटा घालून उचल आली नाही ना, हे तपासले पाहिजे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि तो तोडायला दूरदूरची कुटुंबे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आजारपणाच्या दिवसाचाही खाडा कापला जातो आणि फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामावर चढते. आगाऊ रक्कम घेणे हा काही गुन्हा नव्हे. पण त्या रकमेपोटी काम सोडण्याची, दुसरीकडे जाण्याची वा योग्य मजुरी मागण्याची मोकळीक हिरावली गेली, तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असा करार रद्द ठरतो आणि त्यापोटीचे कर्जही संपते. संविधानाच्या अनुच्छेद २३ नेही सक्तीचे श्रम मना केले आहेत. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम हेही सक्तीचेच श्रम होत.

पण कायदा सोडवतो म्हणून धम्मही सोडवतो काय? अंगुलिमालाची हकीकत आठवा. अट्ठकथेत सांगितले आहे की, त्याच्या आचार्याने गुरुदक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली आणि त्याने ती कबूल केली. विद्या हा मोबदला होता, वचनही होते. उद्देश मात्र माणसे मारण्याचा होता. तथागतांनी त्याला वचन पुरे करायला सांगितले नाही, थांबायला सांगितले. तो थांबला, भिक्खू झाला, अर्हत झाला. दुष्ट हेतूचा शब्द मोडल्याने शील मोडत नाही. तो पाळल्यानेच मोडते.

मात्र याचा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. पळून जायचे मनात ठेवूनच जो उचल घेतो, तो चौथे शीलही मोडतो आणि दुसरेही. रास्त मजुरीचे, मोकळ्या मनाने कबूल केलेले काम बौद्धाने चोख करावे. रास्त उसनवार घेतली असेल तर ती फेडावी.

आणि आपल्यातला कोणी उद्या मुकादम झाला तर? तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. प्राण्यांच्या व्यापारात माणसांचा व्यापारही आला. कालपर्यंत ज्यांचे वाडवडील वतनात बांधले गेले होते, त्यांनीच आज दुसऱ्याची बायकापोरे उचलीत बांधावी काय? ही सम्यक आजीविका नव्हे.

म्हणून घरात कोणताही व्यवहार ठरेल तेव्हा नवरा-बायकोने एकत्र बसून तीन प्रश्न विचारावेत. आपण काय देतो? काय घेतो? कशासाठी? त्यात कोणाचे माणूसपण गहाण पडत असेल, तर अंगठा उमटवू नये. आधीच उमटला असेल तर मजुराने तहसीलदाराकडे अथवा जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागावी. असा शब्द मोडताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

जय भीम!