आडदिवशी सणाचे ताट

आपल्या घरांतून अलीकडे एक नवी चाल रूढ होऊ पाहत आहे. सण नाही, वाढदिवस नाही, दारी पाहुणा नाही. तरीही एखाद्या मंगळवारी रात्री नाताळसारखा स्वयंपाक होतो. डुकराच्या मांसाचे इंद्याल, फुगे, काहीतरी गोडधोड. कपाटातल्या ठेवणीतल्या बश्याही बाहेर निघतात. मुले हरखून जातात. वडीलधारी माणसे मात्र पहिला घास घेण्यापूर्वी विचारतात, “आज काय विशेष?” “काही नाही, सहज,” असे उत्तर आले की त्यांच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी उमटते. ती केवळ काटकसरीपोटी आलेली असते, असे मला वाटत नाही.

या पिढीने सणाची चव प्रतीक्षेतून ओळखली. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळत, मसाला कुटून पावसापूर्वी बाटल्यांत भरला जाई आणि त्यातला चांगला वाटा डिसेंबरसाठी राखून ठेवला जाई. फुग्यांचे पीठ ताडी घालून आंबवावे लागे; त्याला घाई चालत नसे. इंद्याल तर सिरक्यात मुरल्यावाचून खुलतच नाही, दुसऱ्या दिवशी ते अधिक रुचकर लागते. थांबणे हा त्या पदार्थाचाच एक घटक होता. आज मांस बाराही महिने मिळते, मसाला दुकानात मिळतो, फुगेही सांगितल्या दिवशी करून मिळतात. रोजच नाताळ झाला तर पंचवीस डिसेंबरला उरणार काय, ही म्हाताऱ्यांची शंका निराधार नाही.

परंतु दिनदर्शिका सर्वांना सारखी न्याय देत नाही. बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला रजा मिळते ती जूनमध्ये किंवा ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि घरात आई नाताळ रांधत असते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना डिसेंबर दिसेल की नाही, हे घरात कोणी बोलून दाखवीत नाही. सून मुकाट्याने इंद्यालाचे पातेले चुलीवर चढवते. या ताटांना अवेळी कसे म्हणावे? ख्रिस्तसभेचे नियमही याबाबतीत आपण समजतो तितके ताठर नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार शुक्रवार हा मांसवर्ज्य दिवस. पण त्याच दिवशी एखादा महोत्सव आला तर ते बंधन राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली रविवारला मूळ सण म्हटले, म्हणजे वर्षात बावन्न सण आपल्या पदरात आधीच आहेत. आपण ते दुपारच्या झोपेत घालवतो, हा भाग वेगळा.

या प्रश्नाचा विचार करताना लूकच्या शुभवर्तमानातील दोन लागोपाठच्या अध्यायांकडे माझे मन वळते. पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राच्या बापाने घातलेली मेजवानी कोणत्याही सणाची नव्हती. दिवस कामाचा होता. थोरला मुलगा शेतातूनच परतत होता. त्याची तक्रार अशी की, मित्रांबरोबर मौज करायला आपल्याला कधी एक करडूही मिळाले नाही. जे माझे ते सारे तुझेच आहे, असे बाप त्याला सांगतो. याचा अर्थ, आडदिवशी ताट मांडण्याची मुभा त्यालाही होतीच. बापाच्या घरात तो इतकी वर्षे मजुरासारखा राहिला आणि ते त्याच्या ध्यानातही आले नाही. लगेच पुढे, सोळाव्या अध्यायात, रोज मेजवानी झोडणारा श्रीमंत मनुष्य येतो. त्याने चोरी केली, कोणाला लुबाडले, असे कथेत कुठेही नाही. तो रोज जेवला आणि लाजरस दाराशी पडून राहिला, एवढेच. दोन्हीकडे पंचपक्वान्ने आहेत, दोन्हीकडे दिवस साधे आहेत. फरक शोधू गेल्यास मला एवढाच दिसतो की बापाने त्या दिवशी दोनदा उंबरठा ओलांडला, एकदा धाकट्यासाठी धावत आणि एकदा रुसलेल्या थोरल्याची समजूत काढायला. त्या श्रीमंताने आपला दरवाजा एकदाही ओलांडला नाही.

नाताळात आपल्याकडून शेजारी झाकलेले ताट जाते. मंगळवारच्या मेजवानीतून ते गळून पडते आणि सणातून आपण फक्त पदार्थ उचलून आणला, असे होते. वडीलधाऱ्यांना खटकते ते बहुधा हेच.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींना रुचणार नाही, तरी लिहितो. पूर्वी सणाचा स्वयंपाक आळीतल्या चार बायका मिळून करीत. आज हौस सगळ्या घराची आणि कमरेचा काटा ढिला होतो तो एकटीचा. तीही दिवसभर नोकरी करून, संध्याकाळच्या लोकलमधून उभ्याने घरी आलेली असते. मार्थेची बाजू घेणारे प्रवचन मी क्वचितच ऐकले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘अमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात ‘बॅबेट्स फीस्ट’ या १९८७ च्या डॅनिश चित्रपटाचा उल्लेख केला आहे, आणि तोही मेजावरच्या पक्वान्नांसाठी नव्हे. जेवणानंतर स्वयंपाकिणीला कृतज्ञतेने कवटाळले जाते, त्या प्रसंगाची त्यांनी आठवण दिली. आपल्या घरी ती कृतज्ञता भांडी घासण्यापासून सुरू झाली तरी पुष्कळ झाले. तळणीचे कामही वाटून घेता येते. फुग्यांचे पीठ मुठीतून तेलात एकाने सोडावे, दुसऱ्याने झाऱ्याने परतावे, तिसऱ्याने गरम गरम पानात नेऊन वाढावे. आणि मूठ कशी दाबावी हे मुलींइतकेच मुलग्यांनाही येते, फक्त पहिला घाणा वेडावाकडा निघतो.