विरले, पण नाहीसे झाले नाही

सज्जनहो, मीठ जसे पाण्यात विरते तसा जीव देवात विरावा, असे आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. अहमदपुरास एका माउलीने आम्हांस मध्येच अडविले. म्हणाली, "महाराज, मीठ पाण्यातच कां विरतं? तेलात टाकलं तर बुडाशीच बसतं की!" प्रश्न साधा, पण उत्तर ऐकण्यासारखे आहे.

पाण्याच्या एका कणात ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. ते सरळ रांगेत नसून वाकून बसलेले असतात. त्यामुळे कणाच्या एका अंगास किंचित ऋण, तर दुसऱ्या अंगास किंचित धन विद्युत्भार येतो. मिठातही असेच धन-ऋण कण एकमेकांस घट्ट धरून असतात. मीठ पाण्यात पडले की पाणी धनापुढे आपले ऋण अंग करते, ऋणापुढे धन, आणि भोवती कडे करून एकेकास हळूच घेऊन जाते. जोरजबरी नाही, ज्याला जे अंग हवे ते पुढे करणे, एवढेच. साखरही अशीच विरते. तेलाच्या कणास असा भार जवळजवळ नसतोच, म्हणून ते वेगळे तरंगत राहते.

पण विरले म्हणजे संपले काय? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलास, श्वेतकेतूस, मीठ घातलेले पाणी वरचे, मधले, तळचे चाखावयास लावतो. डोळ्यांस मीठ दिसत नाही. जिभेस मात्र सगळीकडे लागते.

आपल्या बालाघाटच्या माळावर हेच घरोघर बघा. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना काळ्या पाषाणातील क्षार बरोबर घेते. विहिरीचे पाणी दिसते नितळ. पण जड पाणी असले की डाळ शिजता शिजत नाही आणि आटवले की भांड्यास पांढरा थर धरतो. न दिसणारे बुडाशी निघतेच.

आता आमचे मागणे ऐका. आषाढीस लाखो वारकरी चंद्रभागेत उतरतात. तेथे साबण, कपड्यांची पूड, रंग सोडला की क्षणात दिसेनासा होतो, आणि आपण म्हणतो, गेला! गेला कुठे? खालच्या घाटावर कोणी माउली तेच ओंजळीत घेऊन तीर्थ म्हणून पिते. २०१६ साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाण्याचे मोल आम्हां मराठवाड्याच्या लोकांस कोणी शिकवावयास नको.

पाणी बहुतेकांस जवळ घेते. नको म्हणणे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून नको ते आपणच म्हणावयाचे असते. विरवायचेच असेल तर चंद्रभागेच्या काठी आपला मीपणा विरवावा. तेवढ्याने खालच्या घाटावरच्या कोणाचे तीर्थ नासत नाही.

रामकृष्णहरी.